घर तारण ठेवून एमएला परदेशी जावं का?

मिरजेहून एका मुलीचं पत्र आलंय. सही 'द्विधा' अशी केली आहे. पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"पुण्यातून समाजशास्त्रात बीए केलं, ७४ टक्के मिळाले. इंग्लंडमधल्या एका चांगल्या विद्यापीठात सामाजिक धोरण या विषयाच्या एक वर्षाच्या एमएला प्रवेश मिळालाय. सप्टेंबर २०२६ ला वर्ग सुरू होतात. फी १८,५०० पौंड. राहणं-खाणं, व्हिसा, तिकीट धरून एकूण खर्च ३६ लाखांवर जातो. बाबा यंदा एसटीतून निवृत्त झाले. त्यांच्या पैशातले ६ लाख आणि बँकेचं ३० लाखांचं कर्ज, दर १०.५ टक्के, असं ठरतंय. कर्जासाठी घर तारण द्यावं लागेल. घर आजोबांनी बांधलेलं, आता आई-बाबांच्या नावावर आहे. धाकटा भाऊ बारावी सायन्सला आहे. बाबा म्हणतात, जा. काका म्हणतात, समाजशास्त्र शिकून कुणाचं भलं झालंय, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. आई काहीच बोलत नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही माझं नाव लागलंय, तिथे दोन वर्षांचा खर्च वसतिगृहासकट साडेतीन लाखांच्या आसपास येईल. इंग्लंडची जागा धरून ठेवायला तीन आठवड्यांत पैसे भरायचे आहेत. काय करू?"

प्रिय द्विधा,

आधी काकांचा मुद्दा बाजूला ठेवू, कारण तो तुझ्या प्रश्नाचा भाग नाही. समाजशास्त्र शिकून पोट भरतं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. त्या पैशाचं काय झालं हे मोजायला, गावात जाऊन नमुना निवडायला, प्रश्नावली बांधायला आणि अहवाल लिहायला माणसं लागतात. आरोग्य सर्वेक्षणं, शिक्षणातल्या संस्था, बचतगटांचे प्रकल्प, सरकारच्या योजनांची मूल्यमापनं, सगळीकडे तुझ्या विषयाची मुलं कामाला आहेत. पगार इंजिनिअरच्या तोडीचा नसतो, पण घर चालतं. वर्षानुवर्षं बँकेत शिक्षणकर्जाच्या टेबलावर बसून मी एवढं पाहिलं आहे की कर्ज थकतं ते विषयामुळे क्वचित. बहुतेक वेळा कर्जाचा आकडा आणि त्या विषयातला पहिला पगार यांचा मेळ नसतो, म्हणून थकतं. तेव्हा समाजशास्त्र घ्यावं का, हा प्रश्नच नाही. ते तू घेतलंयस आणि त्यात चांगली आहेस. ३० लाखांचं ओझं हा पगार पेलेल का, एवढंच बघायचं.

आता कागद-पेन घे आणि माझ्याबरोबर मांड.

३० लाखांवर १०.५ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३ लाख १५ हजार. शिक्षणकर्जात कोर्सचा काळ आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. दोन वर्षांत ते ६ लाख ३० हजार होतं. रक्कम टप्प्याटप्प्याने उचललीस तर थोडं कमी. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी तुझ्या डोक्यावर ३० नाही, ३६ लाखांच्या वर कर्ज असेल. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळपास ४९ हजार. पंधरा वर्षं घेतलीस तर ४० हजार, आणि तेव्हा एकूण ७२ लाखांच्या आसपास भरलेले असतील. दर बदलता असेल तर हे आकडेही हलतील. मंजुरीपत्रात ते बारीक अक्षरांत असतं, ती ओळ शोधून वाच.

तू म्हणशील, तिथे नोकरी लागली तर पौंडात पगार मिळेल. मिळेल, आणि तो हिशेबही मी प्रामाणिकपणे करून बघितला. इंग्लंडमध्ये वर्षाला २८ हजार पौंडांची नोकरी लागली असं धरू. कर आणि नॅशनल इन्शुरन्स जाऊन हातात महिन्याला १,९७० पौंडांच्या आसपास येतात. खोलीचं भाडं, बस, खाणं काटकसरीने केलंस तर ५०० पौंड मागे पडतील, म्हणजे साधारण ६० हजार रुपये. ४९ हजारांचा हप्ता त्यात बसतो. इथपर्यंत तुझे बाबा बरोबर आहेत.

पण तारखा बघ. कोर्स संपणार सप्टेंबर २०२७ ला. शिक्षणानंतर तिथे राहून काम करायचा जो ग्रॅज्युएट व्हिसा आहे, तो आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना तो दीड वर्षाचाच मिळणार आहे, आणि तुझा अर्ज त्यानंतरचाच असेल. निकाल लागून डिसेंबर २०२७ मध्ये व्हिसा हातात आला असं धरलं, तर तो २०२९ च्या मध्याला संपतो. आणि बँकेचा हप्ता सुरू होतो सप्टेंबर-ऑक्टोबर २०२८ ला. म्हणजे १२० हप्त्यांपैकी नऊ-दहा हप्तेच पौंडात कमावत असताना येतील. उरलेले एकशे दहा कुठल्या पगारातून?

पुढे तिथेच राहायचं तर कंपनीने स्किल्ड वर्कर व्हिसा काढून द्यावा लागतो. जुलै २०२५ पासून त्यासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड आहे. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी ती कमी आहे, तरी ३३,४०० पौंड. समाजसेवी संस्थांतल्या, संशोधन साहाय्यकाच्या सुरुवातीच्या नोकऱ्यांना बहुतेक वेळा एवढा पगार नसतो. संगणकातल्या मुलाला ही पायरी चढता येते. तुझ्या क्षेत्रात ती उंच पडते. अशक्य म्हणत नाही मी, पण घर तारण ठेवताना अशक्य नसलेल्या गोष्टीवर विसंबायचं नसतं.

समज, सगळं मनासारखं झालं. लगेच नोकरी लागली, दीड वर्ष दर महिन्याला ५०० पौंड तू बँकेत भरलेस. ते झाले ९ हजार पौंड, म्हणजे दहा-अकरा लाख रुपये. परत येशील तेव्हा पंचवीस-सव्वीस लाख शिल्लक असतील आणि त्याचा दहा वर्षांचा हप्ता ३४-३५ हजार. पुण्या-मुंबईत एमए झालेल्या मुलीला या क्षेत्रात सुरुवातीला ३० ते ४५ हजार मिळतील असं मी धरते. परदेशी पदवी आणि थोडा अनुभव यांमुळे थोडे जास्त मिळतील. तरी पगारातून हप्ता जाऊन भाड्यालाही पैसे उरणार नाहीत. ही चांगल्या नशिबाची बाजू झाली. वाईट बाजू तू स्वतः मांड, मला लिहायला नको वाटतं.

काही जण आयकरातल्या वजावटीचा दाखला देतील. शिक्षणकर्जाच्या व्याजावर आठ वर्षं करात वजावट मिळते, हे खरं आहे. पण ती जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. ज्या पगारावर तू सुरुवात करशील त्यावर त्या वजावटीचा काही उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट साफ करते, कारण हल्ली यूट्यूबवर ब्रिटिश विद्यार्थ्यांचे कर्जाचे व्हिडिओ बघून मुलं माझ्याकडे यायची. इंग्लंडमधल्या मुलांचं सरकारी शिक्षणकर्ज निराळंच असतं. २०२३ पासून पदवीला गेलेल्यांनी वर्षाला २५ हजार पौंडांच्या वर जे कमावलं, त्याच्या ९ टक्के भरायचे. त्याहून कमी पगार असेल तर काही भरायचं नाही, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२० मध्ये आयुष्यभराच्या कमाईचा हिशेब मांडला. पाचातल्या चौघांना पदवीचा आर्थिक फायदा होतो आणि एकाला होत नाही, असं त्यातून निघालं. अर्थशास्त्र वैद्यकशास्त्राच्या पंगतीत वर बसतं आणि बाकीची सामाजिक शास्त्रं बरीच खाली राहतात. पण तिथल्या त्या पाचव्या मुलाचं घर जात नाही. पगार कमी असेल तर त्याचा हप्ता आपोआप शून्य होतो. आपल्याकडे पगार येवो न येवो, हप्ता तेवढाच. तीन महिने हप्ता आला नाही की खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत कर्जात जमा. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर बँकेला तारण घराचा ताबा घेण्याचा अधिकार. तिथले आशादायक आकडे इथल्या कर्जाला लावू नकोस.

माझं स्पष्ट मत सांगते. या वर्षी हे कर्ज घेऊ नकोस. टाटा संस्थेत प्रवेश घे, आणि इंग्लंड चार-पाच वर्षांनी दुसऱ्याच्या पैशाने कर.

माघार घेतल्यासारखं वाटेल, पण तसं नाही. साडेतीन लाखांचं कर्ज चार लाखांच्या आत बसतं, तिथे बँक तारणही मागत नाही आणि स्वतःच्या वाट्याची रक्कमही. व्याज धरून ते साडेचार लाखांच्या आसपास गेलं तरी सात वर्षांचा हप्ता साडेसात हजारांत येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना त्यात विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलतही आहे, मात्र त्या सवलतीला दरवर्षी विद्यार्थ्यांची मर्यादा असते. पोर्टलवर संस्थेचं नाव यादीत आहे ना ते आधी बघ, मग अर्ज कर. ही योजना भारतातल्या संस्थांसाठीच आहे, इंग्लंडला लागू नाही.

दोन वर्षांत तुझ्या हातात काय काय पडू शकतं ते सांगते, कारण पगार पदवीच्या नावापेक्षा यावर ठरतो. संख्याशास्त्राचा एकही पेपर टाळू नकोस. एसपीएसएस, स्टेटा किंवा आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी एकावर हात बसव. क्षेत्रकार्याला जाशील तेव्हा नुसत्या मुलाखती घेऊन परत येऊ नकोस, माहिती स्वच्छ करून तक्ता कसा बनतो तेही शिकून घे. मुलाखतीला आलेल्या दहा मुलींपैकी नऊजणी 'मला समाजासाठी काम करायचंय' म्हणतात. दहावी म्हणते, 'चारशे घरांचं सर्वेक्षण मी स्वतः आखलं, हा त्याचा आराखडा,' आणि कागद पुढे करते. पगाराची बोलणी तिच्याशी होतात. शिवाय एमएला ५५ टक्के मिळाले की नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, देता येते. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७ हजार, वर घरभाडं, आणि पीएचडी सुरू. म्हणजे शिकायचे पैसे तुलाच मिळतात. पुढे कायम प्राध्यापकी मिळाली तर मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. मात्र महाराष्ट्रात कायम जागा निघायला वेळ लागतो आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारे नेट-सेट झालेले शिक्षक तुलाही माहीत असतील. त्या एकाच वाटेवर डोळे लावून बसू नकोस.

आता इंग्लंड. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीत फी, राहणं, तिकीट सगळं येतं. अट एवढीच की पदवीनंतर २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं. आज तू त्या अटीत बसत नाहीस. टाटा संस्थेनंतर दोन वर्षं नोकरी केलीस की बसशील, आणि तुझ्या अर्जात तेव्हा लिहायला खरं काम असेल. कॉमनवेल्थची शिष्यवृत्ती आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देत आलं आहे. राज्य सरकारच्याही परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, प्रवर्गानुसार त्यांचे विभाग आणि अटी वेगळ्या. तू पत्रात प्रवर्ग लिहिला नाहीस. समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण, सारथी, यांपैकी तुला काय लागू होतं ते सांगलीच्या कार्यालयात जाऊन विचार. विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची अट त्यात असते, तेव्हा तुझं विद्यापीठ बसतं का तेही बघून घे.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. तिथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्रही अभ्यासलं. पुढे लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग १९१८ ला मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून पैसे बाजूला काढले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. तीन वर्षांनी डीएस्सी. मध्ये नोकरीची वर्षं गेली म्हणून शिक्षण थांबलं नाही. उलट त्या नोकरीनेच पुढचं शिक्षण शक्य झालं. तुझ्याजवळ तर आत्ताच दुसरा चांगला प्रवेश आहे.

कर्ज कधीच काढू नये, असं माझं म्हणणं नाही. कुठपर्यंत काढावं हे मात्र ठरवता येतं. भारतात परतल्यावर मिळेल त्या पहिल्या पगाराच्या तीस टक्क्यांत हप्ता बसला पाहिजे. ४० हजार पगार धरला तर १२ हजारांचा हप्ता. १०.५ टक्के, दहा वर्षं, दोन वर्षांचं साठलेलं व्याज, असा उलटा हिशेब केलास की मूळ कर्ज सात-साडेसात लाखांवर येऊन थांबतं. बँकाही साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागतात. उद्या अर्धी-पाऊण शिष्यवृत्ती मिळून तुला सात लाखच कमी पडले, तर निःशंक कर्ज काढ आणि जा. त्या वेळी मला विचारायचीही गरज नाही.

आणि एक बाब, जी तू पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलीस. आई काहीच बोलत नाही. घर तिच्याही नावावर आहे, म्हणजे तारणाच्या कागदांवर तिचीही सही लागणार. माझ्या टेबलासमोर अशा कितीतरी आया बसल्या आहेत. साहेबांनी बोट ठेवलं त्या जागी सही करायची, कागद काय आहे ते विचारायचं नाही, आणि पोरीच्या वाटेत आपण आलो असं व्हायला नको म्हणून गप्प राहायचं. मी प्रत्येकीला कागद मराठीत वाचून दाखवत असे. काहीजणी मग पहिल्यांदाच तोंड उघडायच्या, आणि त्यांचे प्रश्न नवऱ्यांपेक्षा नेमके असायचे: पोराचं शिक्षण आलं तर याच घरावर दुसरं कर्ज मिळेल का? हे आजारी पडले तर हप्ता कोण भरणार? तुझ्या भावाची बारावी पुढच्या वर्षी संपेल. त्यालाही फी लागेल, आणि घर तोवर एका कर्जात अडकलेलं असेल. बाबांची पेन्शन नाममात्र, आणि ६ लाख दिल्यावर आजारपणाला मागे किती उरतात हे तू लिहिलेलं नाहीस. आज रात्री जेवण झाल्यावर हिशेबाचा कागद आईपुढे ठेव. बाबा आणि काका समोर नसताना. 'तुला काय वाटतं' असं मोघम विचारू नकोस. 'महिन्याला ४९ हजार, दहा वर्षं, माझी नोकरी गेली तर घर' असं सांगून विचार. ती जे म्हणेल ते माझ्या सल्ल्याहून मोलाचं मान.

बाबांशी बोलताना मात्र जपून. त्यांनी 'जा' म्हटलं ते मुलीवरच्या विश्वासाने. आयुष्यभर एसटीत काढून पोरीला परदेशी पाठवायचं स्वप्न एका फटक्यात मोडल्यासारखं त्यांना वाटायला नको. चेवनिंगची माहिती छापून त्यांच्या हातात दे. जायचं आहेच, फक्त घर न अडकवता, हे त्यांना कागदावर दिसू दे.

पैसे भरायला तीन आठवडे आहेत. त्यात या क्रमाने कर. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला आजच ईमेल कर आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का ते विचार. बरीच विद्यापीठं परवानगी देतात, आणि तेवढ्या अवधीत राज्य सरकारच्या किंवा कॉमनवेल्थच्या शिष्यवृत्तीचा प्रयत्न करता येईल. पुढे ढकलायलाही आधी पैसे भरा म्हणाले तर ते कुठल्या परिस्थितीत परत मिळतात हे लेखी माग, आणि परत मिळणार नसतील तर भरू नकोस. दरम्यान टाटा संस्थेची फी भरायची शेवटची तारीख चुकवू नकोस, ती यात सगळ्यांत महत्त्वाची आहे. बँकेत कर्जाची फाईल गेली असेल तर प्रक्रिया थांबवायचं पत्र दे. घराचं मूळ खरेदीखत किंवा उतारे जमा केले असतील तर ते परत घे आणि मिळाल्याची पोचही. चेवनिंगचे अर्ज दरवर्षी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात. त्यांचे प्रश्न आत्ताच उतरवून ठेव. टाटा संस्थेनंतरची दोन वर्षं कुठल्या कामात घालवायची हे ठरवताना ते समोर असू देत.